वझलवारकाकांची राखून ठेवलेली टाळी

भाजीबाजारात सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ हातातली मेथीची जुडी खाली ठेवतो, पिशवी दोन पायांच्या मधे धरतो आणि एकटाच टाळ्या वाजवू लागतो, तेव्हा सोबतच्या माणसानं काय करावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. वरात नव्हती, पुढारी नव्हता. मग मला वाटलं, आपणही वाजवलेल्या बऱ्या. म्हणून मीही वाजवल्या.

"तू काहून वाजवून राहिला रे?" वझलवारकाकांनी विचारलं.

"तुम्ही वाजवल्या म्हणून."

"माझी बाकी होती. तुझी कुठली?"

भाजीवाली आमच्याकडे बघत म्हणाली, "बाबूजी, ताली से मेथी सस्ती नहीं होगी."

घरी येताना काकांनी खुलासा केला. दहा वर्षांपूर्वी, याच दिवशी, फ्रान्समधल्या कुठल्याशा डोंगरावर एक सायकलपटू बाकी सगळ्यांना मागे टाकून एकटा वर पोचला होता. काकांनी तेव्हा टीव्हीसमोर टाळी वाजवली नाही, राखून ठेवली. कारण या खेळाडूंच्या रक्ताचे-लघवीचे नमुने गोठवून दहा वर्षं जपतात म्हणे. आज न सापडणारं औषध उद्याच्या तपासणीत सापडतं आणि घरच्या काचेच्या कपाटात ठेवलेला चषक परत द्यावा लागतो. या गड्याची दहा वर्षं कुठलीही बोंब न होता पार पडली होती.

"मुदत संपली. माल पास," काका म्हणाले आणि मेथी निवडायला काकूंच्या ताब्यात दिली.

तो सायकलपटू तोवर निवृत्त झाला असेल, जाडा झाला असेल. जबलपूरच्या भाजीबाजारात आपल्याला टाळी मिळाली हे त्याला कधीच कळणार नाही. पण काकांचा हिशेब मिटला होता, आणि रात्री त्यांनी एक पोळी जास्त खाल्ली. हे काकूंनीच दुसऱ्या दिवशी कुंपणावरून सांगितलं.

आमची आणि त्यांची घरं लागून. मला कळायला लागलं तेव्हापासून ते 'वझलवारकाका' आणि मी 'अरू'. आज मी विमा कार्यालयातला टक्कल पडलेला अधिकारी असलो तरी 'अरू'च. काका फॅक्टरीत होते. जबलपुरात नुसतं 'फॅक्टरी' म्हटलं की पुरतं, निम्म्या मराठी घरांचं पीठमीठ तिथूनच आलंय. ते तोफेच्या सुट्या भागांचे तपासनीस. दुसऱ्यांनी घडवायचं आणि यांनी संशय घ्यायचा, अशी नोकरी. निवृत्त झाले तरी बोटांची सवय गेली नाही. पानातली पोळी उजेडाला धरून कड बघायचे. "एका बाजूनं जाड आहे," असं म्हणायचे. काकू म्हणायच्या, "परत पाठवा न मग. उपाशी बसा."

त्यांचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो: "आधी गेज तपास, मग माल." गेज म्हणजे माप घ्यायचं लोखंडी साधन. एकदा फॅक्टरीत भागांचा एक अख्खा ढीग मापात बसत नव्हता. वरचे साहेब ओरडत होते, कारागीर रडकुंडीला आले होते. काकांनी ढिगाला हातच लावला नाही. ते मापच उचलून दुसऱ्या मापाशी ताडून पाहिलं, तर वर्षानुवर्षं घासून तेच झिजलेलं निघालं. भाग सगळे चोख होते. ही गोष्ट सांगताना काका चहाचा कप खाली ठेवत, म्हणजे ती किती पवित्र हे समजावं.

जुलै आला की संध्याकाळी त्यांच्या घरी जायचं नसतं, आणि गेलं तर बोलायचं नसतं. फ्रान्समधली ती मोठी शर्यत चालू असते. काका टीव्हीचा आवाज बंद ठेवतात, कारण बोलणारे लोक फार लवकर खूश होतात. सगळं जग सायकली बघत असताना हा माणूस रस्त्याकडेच्या प्रेक्षकांच्या हातातले झेंडे बघतो. झेंडा कुठे फडफडतोय यावरून वारा पाठीशी आहे का तोंडावर ते कळतं. मग चढाची उंची, लागलेला वेळ, गड्याचं वजन असं सगळं मनात गुणून भागून किलोमागे किती ताकद लावली ते काढायचं आणि वर्ग ठरवायचा. वर्ग तीन: माणूस, मोठा माणूस आणि मोटार.

"हा?" मी विचारायचो.

"माणूस."

"आणि हा पुढचा, पिवळ्या बनियनचा?"

काका डोळे मिटून पुटपुटायचे. "कालपर्यंत मोठा माणूस होता. आज मोटार आहे. पाहू. टाळी राखून ठेव."

मला याचं फार कुतूहल वाटायचं. ज्या खेळातल्या कुणावरच विश्वास नाही, तो खेळ माणूस जेवण थंड होऊ देऊन का बघतो? एकदा धीर करून विचारलंच.

"काका, हे सगळे चोर आहेत असं वाटतं, तर पाहता काहून?"

"चोर पाहायला नाही पाहत मी," काका म्हणाले. "एखादा खरा असल न रे त्यात. तो सुटून गेला नाही पाहिजे नजरेतून."

मी सायकलवर बसलो ते मात्र काकांमुळे नाही, डॉक्टरांमुळे. माझ्या रक्ताचा अहवाल बघून डॉक्टर म्हणाले, "मिठाईच्या दुकानाचा आहे का हा?" मी घाबरून थेट सगळं सामान विकत आणलं: बारीक चाकांची सायकल, हेल्मेट, बुडाशी गादी शिवलेली घट्ट चड्डी, जाळीचे हातमोजे. पहिले चार रविवार ती चड्डी मी उलटी घालत होतो. गादी पुढे. मला वाटायचं, या खेळात पोटालाही आधार देतात. काका स्वतःच्या लोखंडी सायकलवर, पायजम्याला क्लिप लावून सोबत यायचे. चड्डीबद्दल ते काही बोलले नाहीत, पण हातमोजे बघून थांबले.

"सायकल चालवून राहिला का मधमाश्या पकडून राहिला?"

आमचा रस्ता ठरलेला. तिलवाऱ्याचा पूल ओलांडायचा, नागपूर रोडनं पुढे जायचं, आणि बरगीच्या धरणाकडे वळलं की एक चढ लागतो तो चढायचा. पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली किलोमीटरचा दगड, माथ्यावर हनुमानाचा चबुतरा. दगडापासून चबुतऱ्यापर्यंत लागलेला वेळ, हे काकांचं माणूस मोजायचं माप. माझा वेळ बघून पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासाठी चौथा वर्ग काढला. त्याचं नाव इथे लिहीत नाही.

त्या चढावर आम्हाला सरिता भेटली. भेटली म्हणजे मागून आली आणि निघून गेली. वीसेक वर्षांची मुलगी, ओढणी कमरेला बांधलेली, जुनी जड सायकल, मागे मासळीचा थर्माकोलचा डबा. धरणाकाठच्या एका गावात वडील जाळं टाकायचे. शहरातले डबे पोचवून, कॉलेज करून ती परत गावी निघाली होती. माझ्या गादीच्या चड्डीला ते सहन झालं नाही. मी उभा राहून पायडल हाणले, साखळी निसटली आणि मी रस्त्याकडेच्या बेशरमच्या झुडपात गेलो. तिथून मला काका दिसत होते. मला उचलायचं सोडून ते लांबच्या झोपडीतून निघणारा चुलीचा धूर कुठल्या बाजूला जातो ते बघत होते.

"वारा तोंडावर आहे," ते स्वतःशीच म्हणाले, आणि घाईघाईनं चढ चढून गेले. माथ्यावर ती पाणी पीत थांबली होती.

"बेटी," काका धापा टाकत म्हणाले, "तुम्हारा वजन कितना है?"

तिनं सायकलचा पंप काढला. "आपको क्या करना है? मछली का वजन पूछिए, मेरा काहे?"

मी अंगावरची पानं झटकत पोचलो आणि काकांच्या वतीनं माफी मागितली. काकांना त्यात माफीचं काय ते समजलंच नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "और डिब्बे का?" तेव्हा मात्र ती खदखदून हसली.

मग काकांनी हैदराबादला गेलेल्या आपल्या मुलाची जुनी शर्यतीची सायकल माळ्यावरून उतरवली, तेलपाणी केलं, तिला दिली. दर रविवारी सकाळी चढाची वेळ घ्यायची. काका दगडाशी उभे राहून पांढरा रुमाल खाली सोडायचे आणि त्याच क्षणी फोनवर मला म्हणायचे, "सोडला!" मी माथ्यावर घड्याळ दाबायचो आणि तिचं पुढचं चाक चबुतऱ्याला आलं की पुन्हा दाबायचो. ती 'माणूस' वर्गात होती, हळूहळू 'मोठा माणूस'च्या उंबऱ्याशी आली. काकूंकडे चहा प्यायला यायची, काकांनी पोळी उजेडाला धरली की काकूंआधी हीच म्हणायची, "काका, ये भी फेल?" काकांनी तिला एकदाही शाबास म्हटलेलं मी ऐकलं नाही. पण तिच्या सायकलची चाकं ते स्वतः पुसायचे.

मधे काही महिने खंड पडला. काकांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं एकामागून एक झाली, धुळीत जायची बंदी. काका नाहीत म्हणून मी नाही. माझी शिस्त तेवढीच. सरिता एकटी सराव करायची आणि कॉलेजजवळच्या एका व्यायामशाळेतही जाऊ लागली होती. त्याच महिन्यांत धरणाचा रस्ता रुंद झाला. मोह तोडला गेला, नवं डांबर पडलं.

उन्हाळा लागता लागता पहिला रविवार. काकांनी रुमाल सोडला, मी घड्याळ दाबलं, आणि सरिता इतक्या लवकर माथ्यावर आली की मी अजून चबुतऱ्यावर शेंगा सोलत होतो. मी फोनवर काकांना वेळ सांगितली.

"अंगठा नीट दाबला?"

"दाबला काका."

"पुन्हा."

त्या महिन्यात काकांनी सगळं तपासलं. आधी माझा अंगठा. मग घड्याळ. सायकलचं वजन, टायरमधली हवा, वारा. नव्या गुळगुळीत डांबरामुळे किती फायदा होईल तेही वजा केलं. तरी उत्तर एकच येत होतं. बरगीची सरिता, काकांच्या हिशेबानं, मोटार झाली होती.

"औषध?" मी हळूच विचारलं.

काकांनी घड्याळाची काच पुसायला घेतली. पण त्या व्यायामशाळेत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सुया टोचून घेतात हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं, त्यांनाही होतं. नेमका त्याच आठवड्यात भोपाळच्या सायकलिंगच्या एका निवासी प्रशिक्षण केंद्राच्या कोचचा फोन आला. एक जागा होती. निवड चाचणीला कुणाला बोलवायचं ते ठरत होतं. सरितानं अर्जात आपल्या वेळा लिहून काकांचं नाव दिलं होतं. कोचचा प्रश्न सरळ होता: हे आकडे खरे धरायचे का?

काकांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला नेला. मग म्हणाले, "अभी रुकिए. मुझे यकीन नहीं है."

काकू आतून हे ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "जन्मभर ज्याला शोधून राहिले, तो घरी येऊन चहा पिऊन जातो, अन् तुम्ही त्याला दाराबाहेर उभं करता."

"गोड बोलून पास करू का?" काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पोळी उजेडाला धरली नाही, नुसती बाजूला सरकवली.

आता या गुंत्यात भर घालायला कुणीतरी हवं होतं, आणि मी मोकळाच होतो.

सरिता पायडल मारायला लागण्याआधी एका काळ्या प्लास्टिकच्या बाटलीतून दोन घोट घ्यायची. मी ठरवलं, हेच ते. पुढच्या रविवारी माझी चढायची पाळी होती. काका पायथ्याशी, सरिता माथ्यावर घड्याळ घेऊन. तिची पिशवी खाली दगडाशीच होती. काकांची पाठ वळताच मी बाटली उघडली आणि पुरावा म्हणून एक मोठा घोट घेतला. खारट, गार, चिकट, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी आलं. एवढं वाईट लागतंय म्हणजे नक्कीच गुणकारी असणार, असं म्हणून मी दुसरा घेतला.

आणि मग मी चढलो. काय चढलो! पायांत काहीतरी सळसळत होतं. माथ्यावर पोचलो तेव्हा सरिता घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होती. आजवरच्या माझ्या वेळेच्या मी पार चिंध्या केल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी काकांना सगळं सांगितलं. "दोन घोटांत माझी ही गत, तर रोज पिणारीचं काय होईल?"  काकांचा चेहरा उतरला, आणि मला स्वतःच्या हेरगिरीचा अभिमान वाटला.

अभिमान एवढ्यावर थांबला असता तर बरं. मी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन उपग्रहावरून अंतर मोजणारं महागडं मनगटी घड्याळ घेतलं. आता मी खेळाडू होतो. दोनच दिवसांत ते परत करायला गेलो, कारण ते आमचा चढ चक्क कमी दाखवत होतं.

"खराब है," मी काउंटरवर आपटलं.

दुकानदारानं ते उलटसुलट पाहिलं. "भैया, घड़ी तो ठीक है. आपकी सड़क छोटी हो गई होगी."

मी या विनोदाला हसलो नाही. पैसे परत घेतले आणि जिलबी खाऊन घरी आलो.

सरिता आली ती एका भर दुपारी. कोचनं तिला सांगितलं होतं. मी काकांकडे ताक पीत बसलो होतो. ती बसली नाही.

"काका, आपने कोच साहब से क्या कहा?"

"जे खरं ते. कहा कि नंबर पर भरोसा नहीं है."

"नंबर पर? कि मुझ पर?"

 फॅक्टरीत साहेबांपुढे न डगमगलेला माणूस टेबलावरच्या चष्म्याची घडी उघडत-मिटत बसला. मला ते बघवेना. मी उठून कोर्टात बोलल्यासारखा बोललो, "सरिता, काली बोतल में क्या है, हमको मालूम है. मैंने खुद पीकर देखा है."

तिचे डोळे मोठे झाले. "पी ली? भैया, आपने वो पी ली?"

"दो घूँट."

"अरे, वो तो रोहू है! अम्मा मछली का सिर उबालकर रस्सा देती है, नमक डाल के. आप तो... आप लोग तो अंडा भी नहीं खाते!"

माझ्या हातातलं ताक डुचमळलं. सात पिढ्यांत कुणी कांदा सुद्धा चातुर्मासात खाल्ला नव्हता आणि मी माशाचं डोकं दोन घोट प्यालो होतो, तेही मिटक्या मारत. काकू दाराची चौकट धरून हसत होत्या, डोळ्यांना पदर लावून. रागानं आलेली सरिताही ओठ दाबत होती. हसले नाहीत ते फक्त काका. ते माझ्याकडे बघत होते. पोळी बघावी तसे, कड शोधत.

"अरू. त्या दिवशी तू खरंच तेवढ्या वेळात चढला?"

"हो. मेहनत आहे काका. आता लयीत आलोय मी."

"काय मेहनत केली?"

मी विचार केला. "जिलबी कमी केली."

"केली?"

"करणार होतो."

काका उठून उभे राहिले. "रोहूचा रस्सा पिऊन तू मोटार होत नाही. जिलबी खाऊन तर नाहीच नाही. ही पोरगी सुधारली असल, मानतो. पण तू नाही सुधरू शकत." हे त्यांनी माझ्याकडे बघून, अगदी मायेनं सांगितलं. "तूही तेवढाच लवकर चढला म्हणजे..." आणि ते मधेच थांबले. हात नकळत कपाळावर गेला.

"गाडी काढ," ते म्हणाले.

माझ्या गाडीतून आम्ही तिघं भर उन्हात चढाच्या पायथ्याशी गेलो. दगड होता. पांढरा-पिवळा, नवा रंग दिलेला, ताठ. काका त्याच्याकडे बघत राहिले आणि मग मागे चालू लागले, उताराच्या बाजूनं. बरंच खाली गेल्यावर थांबले. तिथे रस्त्याकडेला, मुरुमाखाली अर्धा बुजलेला, मोहाचा तोडलेला बुंधा होता.

जवळच्या चहाच्या टपरीवाल्याला काकांनी हाक मारली. "भैया, ये पत्थर यहीं था न पहले? पेड़ के पास?"

"हाँ, यहीं था. सड़क बनी तो ठेके वाले लड़कों ने उखाड़ा. फिर यहाँ नीचे चट्टान निकली, गड्ढा नहीं हो रहा था, तो ऊपर गाड़ दिया. चाय बनाऊँ?"

नंतर मला दुकानदार आठवला आणि त्याची माफी मागायला हवी असंही वाटलं, पण त्या वेळी मी काकांकडेच बघत होतो. ते परत वर चढून दगडापाशी गेले आणि उकिडवे बसले. त्याच्या माथ्यावर तळहात ठेवला, ताप बघतात तसा.

"पोरांना शिकवलं," ते म्हणाले. "कितीकांना शिकवलं. आधी गेज. वारा पाहिला, डांबर पाहिलं, याचा अंगठा पाहिला. अन् ज्याला टेकून उभा होतो तेच..."  मग सरिताकडे वळले. "तुला नाही दिसलं, बेटी? तू तर रोज जाते."

"पत्थर तो आप देखते थे, काका," ती म्हणाली. "मैं तो आपका रूमाल देखती थी."



काकांनी तिथेच, उन्हात, कोचना फोन लावला. नवी भिंगं बसवूनही त्यांना नंबर दिसत नव्हता, तो मी लावून दिला. "सर, गलती लड़की की नहीं, मेरी है. मेरा नाप गलत था." मग पलीकडून बरंच काही बोललं गेलं. काका 'जी', 'जी' करत राहिले. शेवटी म्हणाले, "नहीं सर, अभी भी सिफारिश नहीं करूँगा. पहले सही जगह से नापूँगा. इतवार तक जगह रोक सकते हैं? ...मेहरबानी."

मी कपाळावर हात मारला. "काका! आता तरी पास करा न!"

पण सरिताच म्हणाली, "नहीं भैया. नापेंगे."

रविवारी काका मोहाच्या बुंध्यावर उभे राहिले. सगळे आले होते: काकू, सरिताचे वडील, टपरीवाला. मी माथ्यावर, शेंगा न घेता. रुमाल पडला, फोनवर "सोडला" ऐकू आलं, आणि मग चढाच्या वळणावर ती दिसली. मोटारीसारखी नाही. तोंड उघडं, मान खाली, शेवटच्या चढावर खांदे डुलत असलेलं, दमलेलं माणूस. मी घड्याळ दाबलं.

ती उन्हाळ्याआधीच्या तिच्या सर्वात चांगल्या वेळेहून बरीच पुढे गेली होती, आणि तरी माणसाच्या हद्दीतच होती. मोठा माणूस. एकटीनं, कुणी रुमाल सोडायला नसताना केलेल्या सरावाचं फळ. मी फोनवर वेळ सांगितली. काकांनी ती माझ्याकडून दोनदा वदवून घेतली.

मग हट्टानं मीही चढलो. खऱ्या जागेपासून माझी वेळ जुन्या वेळेपेक्षाही वाईट निघाली. चौथ्या वर्गाच्या खाली काय असतं ते काकांनी अजून ठरवलेलं नाही.

कोचना फोन झाला. जागा राहिली होती, चाचणीला बोलावणं आलं. ती चाचणी सरितानं स्वतःच्या पायांनी जिंकली, आणि निघण्याआधी ती काकू-काकांना भेटायला आली. फाटकाशी पाया पडून वळली, तेव्हा काकांनी दोन्ही हात छातीपर्यंत उचलले.  आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मुदतीच्या आधी टाळी वाजवणार होता.

"ना!" सरिता ओरडली. "काका, हाथ नीचे."

"काहून?"

"नियम सबके लिए एक है. उन फ्रांस वालों को दस साल, मुझको दस मिनट में? मेरी भी दस साल बाद बजाइएगा. मैं खुद आऊँगी सुनने."

"दस साल?" काका म्हणाले. "मी तेव्हा कुठे असणार गं?"

"वो आप जानो," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडा राग अजून शिल्लक होता, आणि तो शिल्लक असणं मला बरं वाटलं. "यहीं रहना पड़ेगा."

काकांनी हात खाली घेतले.

त्यानंतर वझलवारकाका बदलले असं मी म्हणणार नाही. जुलैत आवाज बंदच असतो, झेंडे पाहणं चालू असतं, मोटारी पकडल्या जातातच. फक्त चहातली साखर गेली. दर महिन्याला रक्तदाब मोजून घेतात. आधी यंत्र दुसऱ्या यंत्राशी ताडून बघतात, मग दंड पुढे करतात. डॉक्टरांनी विचारलं, "काका, एवढी काळजी अचानक कशी?" तर म्हणाले, "एक काम बाकी आहे."

परवाच्या रविवारी मी चढावर ढकलत चाललो होतो, सायकल हातात धरून. मागून किर्र किर्र आवाज आला. लोखंडी सायकल, पायजम्याला क्लिप, सावकाश पण न थांबता. काका मला मागे टाकून चालले होते. मी चकित झालो ते त्यानं नव्हे. त्यांच्या दोन्ही हातांत जाळीचे हातमोजे होते. माझेच, महिनाभर सापडत नव्हते ते.

"काका, मधमाश्या पकडून राहिले का?" मी मागून ओरडलो.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. एक हात फक्त हँडलवरून उचलला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तपासून पाहावीत तशी.

"पडलो न रे, तर आधी हात जातात," त्यांचा आवाज आला, आणि ते वळणावरून वर निघून गेले.